इम्प्लांटनंतर रक्त, सूज, वास, ठणका: घरी काय तपासायचं आणि फोन केव्हा करायचा

मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांची सहाय्यक आहे. इम्प्लांट, म्हणजे नसलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात घातलेला टायटॅनियमचा स्क्रू, बसवून घरी गेलेल्या पेशंटचे फोन आधी माझ्याकडे येतात. माणसं बदलतात, तक्रारी त्याच असतात. त्यातल्या बऱ्याच घरच्या घरी मिटतात, काहींसाठी दुसऱ्या दिवशी यावं लागतं आणि मोजक्या अशा असतात की तासभरही थांबून चालत नाही. आपली तक्रार यातली कुठली, हे कळलं की रात्रीची निम्मी घालमेल संपते.

इतके फोन ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. पहिले दोन दिवस लोक तोंडाची नको तितकी काळजी घेतात आणि तिसऱ्या दिवसापासून हवी तितकी घेत नाहीत. बहुतेक तक्रारींचं मूळ या दोहोंपैकी एकात सापडतं.

फोनवर येणाऱ्या तक्रारी

- थुंकीत रक्त येत राहतं, सकाळी उशीवर डाग दिसतो.
- गाल सुजतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी फुगतो. कधी जबड्याखाली निळा-पिवळा डाग उतरतो.
- तोंड नेहमीसारखं उघडत नाही, घास आत जात नाही.
- तोंड कडवट, लोखंडासारखं लागतं, वास येतो.
- जखमेवर पांढरट-पिवळट थर दिसतो.
- टाक्याचा दोरा लोंबतो, किंवा मिठाच्या खड्यासारखे बारीक दाणे जिभेला लागतात.
- इम्प्लांटच्या तोंडावर बसवलेली, हिरडीतून डोकावणारी धातूची टोपी हलते, नाहीतर थेट हातात येते.
- कमी झालेला ठणका चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा सुरू होतो.
- वरच्या दाढेच्या जागी काम झालं असेल तर पाणी पिताना नाकात गेल्यासारखं वाटतं.

यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

जिभेखालची जागा फुगून जीभ वर उचलली जातेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर दातांच्या दवाखान्यालाही फोन करू नका. थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, नाहीतर १०८ ला फोन लावा. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात इम्प्लांट बसवताना आतल्या बाजूची रक्तवाहिनी दुखावली, तर जिभेखाली रक्त साठू शकतं आणि श्वासाची वाट दाबली जाते. हे क्वचित होतं, पण झालं तर सकाळपर्यंत थांबण्यासारखं नसतं.

गोळी घेतल्यावर अंगभर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, धाप लागली, तरीही हेच करायचं.

दुसरी गोष्ट बधिरपणाची. खालच्या जबड्याची भूल साधारण ३ ते ५ तासांत उतरते. जास्त वेळ टिकणारं औषध दिलं असेल तर डॉक्टर तसं सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असेल, तर दवाखाना उघडताच फोन करा. 'उतरेल हळूहळू' म्हणून आठवडा काढू नका. इम्प्लांट जबड्यातल्या संवेदना नेणाऱ्या नसेवर दाब देत असेल, तर तो लगेच थोडा मागे घेता येतो किंवा काढता येतो. जितका उशीर, तितकी नस पूर्ववत होण्याची शक्यता कमी.

पहिली तपासणी फुकट: आज कितवा दिवस?

फोन आला की मी आधी हेच विचारते, कारण एकच लक्षण दुसऱ्या दिवशी साधं आणि सहाव्या दिवशी काळजीचं असतं.

पहिले २४ तास लाळ गुलाबी येणारच. सूज ४८ ते ७२ तासांत सगळ्यांत जास्त असते. म्हणजे सोमवारी काम झालं असेल तर बुधवारी सकाळी आरशातला गाल सर्वांत वाईट दिसणार, आणि नेमका तेव्हाच 'ताई, बिघडलं वाटतं' असा फोन येतो. बिघडलेलं नसतं. त्यानंतर सूज रोज थोडी थोडी उतरली पाहिजे. निळा-पिवळा डाग वजनानं खाली सरकतो, मानेपर्यंत उतरतो. वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांत तो जास्त दिसतो. आठ-दहा दिवसांत जातो.

दुखण्याचा हिशेबही असाच. तिसऱ्या दिवसापासून ते उताराला लागायला हवं. कालच्यापेक्षा आज कमी असेल तर तक्रार कितीही मोठी वाटली तरी दिशा बरोबर आहे. उताराला लागून पुन्हा चढलं, तर मात्र घरचे उपाय बंद. इम्प्लांटच्या धातूला संवेदना नसते, त्यामुळे ठणका येतो तो भोवतीच्या हाडातून आणि हिरडीतून. परतून आलेला ठणका बहुधा तिथल्या जंतुसंसर्गाचा असतो.

रक्त थांबत नसेल तर थुंकणं थांबवा

हा रात्रीचा सगळ्यांत नेहमीचा फोन. 'वाटीभर रक्त गेलं.' मी विचारते, काका, किती वेळा थुंकलात? उत्तर ठरलेलं: 'दर दोन मिनिटांनी. तोंडात साठू कसं द्यायचं?' वाटीत बहुतेक लाळच असते. थेंबभर रक्तानं तोंडभर लाळ लाल होते.

जखमेवर रक्ताची गुठळी बसते, तेच तिचं झाकण. थुंकताना, चूळ भरताना, स्ट्रॉनं ओढताना तोंडात पोकळी तयार होते आणि ती गुठळी ओढली जाते. मग पुन्हा रक्त, पुन्हा थुंकणं. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं आणून देतात आणि त्यात स्ट्रॉ असतेच. शहाळं जरूर प्या, पण पेल्यात ओतून. थुंकी गिळायला किळस येत असेल तर मान खाली करून लाळ नुसती गळू द्या, पुसून घ्या.

त्यानंतर गॉज, आणि इथे बहुतेकांचं चुकतं. दवाखान्यातून दिलेली गॉजची पट्टी लोक एक घडी घालून दातांमध्ये ठेवतात. शेजारचे दात एकमेकांवर टेकतात, दाब तिथेच जातो, आणि दात नसलेल्या जागेतल्या जखमेवर गॉज नुसता टेकून राहतो. पट्टीची जाड घडी करा, चांगली बोटभर जाडीची. पाण्यात बुडवून घट्ट पिळा. कोरडा गॉज गुठळीला चिकटतो आणि काढताना तिलाच घेऊन येतो. बोटानं चाचपून तो बरोबर टाक्यांवर ठेवा आणि दातांवर दात बसत नाहीत ना, हे बघून चावा. घड्याळ लावून ४५ मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही, बोलायचं नाही. सुटा कापूस वापरू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. गॉज संपला असेल तर काळ्या चहाची टी-बॅग कोमट पाण्यात भिजवून, पिळून, तशीच चावून धरा. चहातल्या टॅनिननं रक्त गोठायला मदत होते.

बसून राहा, झोपताना दोन उशा घ्या. गालावर बाहेरून, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवायचा, तितकाच वेळ काढायचा. हे पहिल्या दिवशीच उपयोगाचं. पहिल्या दोन दिवसांत गरम शेक नको आणि वाफाळता चहाही नको. चहा सोडा असं मी कुणाला सांगत नाही, सांगून उपयोगही नसतो. बशीत ओतून कोमट करून प्या.

असे दोन नीट प्रयोग झाले, म्हणजे दीड तास गेला, आणि तरीही काढलेला गॉज लालभडक भिजलेला असेल किंवा तोंडात ताजं रक्त भराभर साठत असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. तिथे टाका किंवा रक्त थांबवणारा स्पंज लागतो.

आरशात एकदाच बघा

मोबाइलचा टॉर्च, आरसा, आणि ओठ फार न ताणता एक नजर. वरचेवर ओठ ओढून बघणाऱ्यांचे टाके सुटतात, विशेषतः पुढच्या दातांजवळचे. त्यापेक्षा एक फोटो काढून ठेवा, पुढच्या दिवशी त्याच्याशी ताडून बघा.

जखमेवर पांढरट-पिवळट पातळ साय दिसली की लोक पू समजतात आणि इअरबडनं खरवडतात. ती साय म्हणजे भरून येणारी जखम, तिला हात लावू नका. पू ओळखायचा तो असा: तो जाडसर असतो, हिरडीजवळून आपणहून किंवा घास चावताना बाहेर येतो, चवीला घाण लागतो आणि बरोबर दुखणं वाढलेलं असतं. पू वाटला तर दाबून खात्री करू नका, दवाखान्यात या.

टाक्याबद्दल: काळा रेशमी दोरा साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात. विरघळणारा दोरा सैल होऊन लोंबणं नेहमीचंच आहे, तो घरी कात्रीनं कापू नका. एखादा टाका सुटूनही जखम मिटलेली असेल आणि रक्त नसेल तर सकाळी कळवलं तरी चालतं. जखमेच्या कडा उघड्या पडल्या असतील तर त्याच दिवशी दाखवा. हाड कमी होतं म्हणून हाडाची पावडर भरली असेल तर पहिल्या काही दिवसांत तिचे चार-दोन दाणे तोंडात येतात. ते चालतं. चमचाभर दाणे आले किंवा पावडरीवर झाकलेला आतला पडदा बाहेर दिसायला लागला, तर कळवा.

गोळ्यांची पाकिटं ओळीनं मांडा

'तोंड लोखंडासारखं लागतंय, आत पू झालाय' असं सांगणाऱ्या मावशींना मी पाकिटावरचं नाव वाचायला लावते. मेट्रोनिडाझोल असेल तर ती चव त्याच गोळीची. कोर्स संपला की जाते. ही गोळी चालू असताना आणि संपल्यावरही दोन दिवस दारू नको, मळमळून हाल होतात.

मग प्रतिजैविकाच्या गोळ्या मोजायला सांगते. 'बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडल्या' हे इतकं नेहमीचं आहे की आता नवल वाटत नाही. दिलेला कोर्स पुरा करायचा. मध्ये पुरळ किंवा जास्त जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारून बदलायचा, आपणहून शेजारच्या दुकानातून दुसरं घ्यायचं नाही.

दुखण्यासाठी डिस्प्रिन घेतली आहे का, तेही बघा. त्यात ॲस्पिरिन आहे आणि त्यानं रक्त जास्त वाहतं. याच्या उलट, हृदयाच्या डॉक्टरांनी लावलेली रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲसिट्रॉम रक्त दिसलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, मेंदूत किंवा हृदयात अडकलेली गुठळी तशी सोडवता येत नाही.

संकष्टी, एकादशी, नवरात्र. उपास धरून वेदनाशामक गोळी घेतली की रात्री पोटात आग पडते आणि तक्रार इम्प्लांटच्या नावावर जमा होते. कोर्स संपेपर्यंत उपास पुढे ढकला. अगदीच मोडायचा नसेल तर दूध किंवा दही-भगर खाऊन गोळी घ्या. साबुदाण्याची खिचडी नको, तिच्यातलं दाण्याचं कूट टाक्यांत जाऊन बसतं.

आणि कृपा करून हिरडीवर लवंगेचं तेल लावू नका, गोळी कुटून ठेवू नका, तुरटी दाबू नका. शिवलेली हिरडी भाजते, पांढरी पडते, आणि मग खरा बिघाड कुठला आणि उपायानं झालेला कुठला हे डॉक्टरांनाही चटकन कळत नाही.

घरात मशीन असेल तर बीपी आणि साखर

सर्जरीच्या दिवशी खाल्लं नाही म्हणून बीपीची गोळी घेतली नाही, असं फार वेळा निघतं. संध्याकाळी बीपी चढतं आणि बंद झालेलं रक्त पुन्हा सुरू होतं. गॉज नीट लावूनही थांबत नसेल तर बीपी मोजा. वाढलेलं असेल तर चुकलेल्या गोळीचं काय करायचं, हे आपल्या फिजिशियनला विचारा.

मधुमेह असेल तर पहिले पंधरा दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. चावता येत नाही म्हणून लोक शिरा, खीर, केळं, आइस्क्रीम यावर राहतात आणि साखर चढते. चढलेल्या साखरेत जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं. मऊ म्हणजे गोड असं नाही. मुगाची खिचडी, ताकातली नाचणीची आंबील, मऊ भात-वरण, अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर हे सगळं मऊच आहे.

ब्रश कुठून बंद झाला?

आता दुसरी बाजू. पहिले दोन दिवस थुंकून थुंकून दमलेली माणसं पुढचे दहा दिवस त्या बाजूला ब्रशच नेत नाहीत. 'लागेल म्हणून.' आठवड्यानं टाके काढायला येतात तेव्हा दोऱ्यावर पांढरा चिकट थर, हिरडी लाल, वास. वासाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत मला बहुतेक वेळा हेच दिसतं.

बाकीचे सगळे दात दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखे घासायचे. जखमेजवळ पहिला आठवडा ब्रश टेकवायचा नाही, पण शेजारच्या दातापर्यंत न्यायचा. त्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की अतिमऊ ब्रशनं, पाण्यात बुडवून, हलक्या हातानं टोपीभोवती फिरवायचा. टोपीच्या कडेला जमणारा चिकट थर गुळण्यांनी जात नाही, तो घासूनच काढावा लागतो.

मिठाच्या गुळण्या २४ तासांनंतर: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. खळखळून नाही. तोंडात घ्या, मान डावीकडे-उजवीकडे कलती करा, बेसिनमध्ये सोडून द्या.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं असेल तर ते सकाळ-संध्याकाळ, आणि टूथपेस्टनंतर अर्ध्या तासानं. लगेच घेतलं तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकानं त्याचा परिणाम कमी होतो. नंतर लगेच चहा घेतला तर दात आणि जीभ तपकिरी पडते. 'जीभ काळी पडली' हा फोन त्याचाच. डाग दवाखान्यात निघतात. पण डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितलं असेल तर दोनच आठवडे, बाटली संपेपर्यंत नाही.

पाण्याच्या धारेनं दात साफ करणारं यंत्र घरी असेल तर ते डॉक्टर सांगेपर्यंत कपाटात राहू दे.

मशेरी आणि तंबाखू

हे विचारायला मला थोडं अवघड जातं, कारण उत्तर खरं मिळत नाही. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की 'नाही', आणि 'दात कशानं घासता?' म्हटलं की 'मशेरीनं'. बऱ्याच घरांतल्या आजी आणि मावशी मशेरीला तंबाखूत मोजतच नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती बोटानं चोळली की एकाच वेळी तीन नुकसानं: निकोटीननं हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो, कण टाक्यांत शिरतात आणि बोटाचा रेटा जखमेवर येतो. चुना लावलेली तंबाखू त्या गालात धरली तर चुन्यानं हिरडी भाजते ते वेगळं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पेशंटच्या खिशातली पुडी मी अजून बघते.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट असतो. यातलं काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगून टाका. ओरडा बसेल, पण जखम का भरत नाही हे शोधण्यात महिना जाणार नाही.

त्या जागेवर काही दाबतंय का?

दात नसलेली जागा दिसू नये म्हणून काढघालीचा तात्पुरता दात किंवा कवळी दिलेली असते. सूज आली की ती हिरडीवर बसते, रात्रभर दाबते, आणि सकाळी त्या जागी लाल खळगा पडलेला असतो. कवळी काढून बघा. दोन-तीन तासांत दुखणं उतरलं तर कारण सापडलं. ती पुन्हा घालू नका, घेऊन या. डॉक्टर आतून घासून जागा करून देतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घरी पॉलिश पेपरनं घासणारेही भेटतात. नको.

तोंड कमी उघडतंय म्हणून घाबरू नका. सुई आणि बराच वेळ ताणलेला जबडा, त्यानं स्नायू आखडतो. ४८ तासांनंतर बाहेरून कोमट शेक द्या, दिवसातून चार-पाचदा हळूहळू उघडायचा सराव करा. आठवड्यानंतरही दोन बोटं आत जात नसतील किंवा बरोबर ताप असेल, तर दाखवा.

वरच्या दाढेचं काम असेल तर

वरच्या दाढांच्या मुळांवर, वरच्या जबड्याच्या हाडात हवेची पोकळी असते, सायनस. तिथे हाड कमी असेल तर तिचा तळ उचलून हाडाची पावडर भरतात. अशांना काही आठवडे नाक शिंकरायला मनाई असते. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची, दाबायची नाही. एवढं आम्ही सांगतोच. पण पेशंट सकाळी उठून कपालभाती करतात, भस्त्रिका करतात, जलनेती करतात, कारण 'व्यायाम नको' म्हटल्यावर प्राणायामाचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. नाकातून जोरानं हवा किंवा पाणी जाणारं सगळं बंद. गणपतीत शंख फुंकणारे, ढोल-ताशा पथकात तुतारी किंवा बासरी वाजवणारे यांनीही सुट्टी घ्यायची. विमानाचं तिकीट काढलेलं असेल तर आधी विचारा.

एक-दोन दिवस नाकातून थोडं रक्त आलं तर चालतं. पाणी पिताना नाकात उतरत असेल, जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर तोंड आणि सायनस यांच्यात वाट झाली असावी. नाक दाबून फुंकून खात्री करू नका, वाट मोठी होते. त्याच दिवशी या.

इथून पुढचं घरी होत नाही

टोपी हलली किंवा निघाली: टोपी छोट्या डबीत ठेवा, शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी या. हिरडी ती मोकळी जागा लवकर मिटवून टाकते, मग टोपी बसवायला पुन्हा भूल आणि छेद लागतो. घरच्या पकडीनं किंवा बोटानं पिळून बसवू नका. एकतर ती घशात जाऊ शकते. शिवाय नुसती टोपी सैल झालीय की खालचा इम्प्लांटच हलतोय, हे तुम्हाला कळणार नाही. टोपी असेल तर दोन मिनिटांत आवळून होते. इम्प्लांट हलत असेल तर तो बहुतेक वेळा काढावाच लागतो. जागा भरू देऊन काही महिन्यांनी पुन्हा बसवता येतो.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढतेय, पू येतोय, गेलेलं दुखणं परत आलंय: यासाठी एक्स-रे, जखम धुणं, कधी औषध बदलणं लागतं. फोनवर गोळीचं नाव विचारून भागत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल आणि आधी सांगायचं राहिलं असेल, तर ते आत्ता सांगा. त्या औषधांवर असताना जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते.

बरं वाटायला लागल्यावरचा महिना

सगळ्यांत कमी फोन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, आणि मला जास्त काळजी तेव्हाच वाटते. सूज गेलेली, टाके निघालेले, माणूस चकली, ऊस, तिळाच्या वडीवर आलेला.

हाड आणि टायटॅनियम एकमेकांना धरतात हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या १९५२ पासूनच्या प्रयोगांत दिसलं. सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काही केल्या निघेना, तिथून सुरुवात झाली. माणसात पहिलं इम्प्लांट त्यांनी १९६५ मध्ये बसवलं. पण ही पकड पहिल्या दिवशी नसते. पहिल्या दिवशी इम्प्लांट घट्ट वाटतो तो स्क्रूच्या आट्यांमुळे. पुढच्या आठवड्यांत आट्यांभोवतीचं जुनं हाड विरघळायला लागतं आणि नवं अजून पुरतं बनलेलं नसतं. म्हणजे साधारण तिसरा-चौथा आठवडा हा सर्वांत कमजोर काळ, आणि तेव्हाच दुखायचं थांबलेलं असतं. खालच्या जबड्यात पूर्ण पकड यायला साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा. तोवर त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही, जिभेनं टोपी ढकलायची नाही, बोटानं हलवून बघायचं नाही. लावलेलं रोप रुजलंय का म्हणून रोज उपटून बघण्यासारखंच ते.

फोन करताना हे हाताशी ठेवा

किती तारखेला काम झालं, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, तापाचा आकडा आणि उजेडात काढलेला एक फोटो. 'खूप दुखतंय' यापेक्षा 'काल दोन गोळ्यांत भागलं, आज चार लागल्या' हे डॉक्टरांना जास्त सांगतं.

आणि इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, लांबी-जाडी आणि लॉट क्रमांकाचा स्टिकर असतो. मुलाकडे पुण्याला किंवा परदेशी गेलात आणि तिथे टोपी सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरांना त्याच कंपनीचा स्क्रूड्रायव्हर लागणार, आणि नुसत्या एक्स-रेवरून कंपनी ओळखणं जिकिरीचं असतं. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा.